मुंबईतून लांबच्या प्रवासासाठी मोटरसायकल घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवडाभर नोकरी, शनिवार-रविवार एखादा घाट आणि वर्षातून एकदा गोवा, हंपी किंवा त्याहून लांबची मजल, असा बेत असणाऱ्या मुंबई, ठाणे, नवी मुंबई, वसई-विरारच्या मंडळींसाठी ही उत्तरं आहेत. कर आणि थर्ड पार्टी विम्याचे (अपघातात दुसऱ्याचं नुकसान भरून देणाऱ्या विम्याचे) दर सरकारने ठरवलेले आहेत. खर्चाच्या गणितातले बाकीचे आकडे मी हिशेबासाठी धरले आहेत, ते आपापल्या गाडीप्रमाणे बदलून घ्या.

टूरिंगसाठी विश्वासू गाडी कुठली?

नाव सांगण्याआधी एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. रविवारची संध्याकाळ आहे, गोव्याहून परत येताय आणि पोलादपूरच्या अलीकडे गाडी बंद पडली. सोमवारी कामावर कसे पोहोचणार? "क्लच केबल महाडला मिळेल, मेस्त्री तासाभरात बसवून देईल" असं उत्तर ज्या गाडीबद्दल देता येतं, ती विश्वासू. "टेम्पोत घालून पनवेलला आणायची, मग पार्ट मागवायचा" असं उत्तर असेल तर तिचं इंजिन कितीही दणकट असो, तिच्या जिवावर मी लांबचा बेत आखणार नाही.

बंद कुठलीही गाडी पडू शकते. केबल तुटते, फ्यूज उडतो, बॅटरी बसते, चेनची कडी निसटते. म्हणून माझ्या लेखी तीन गोष्टींना सर्वांत जास्त महत्त्व आहे. पहिली, ते इंजिन बाजारात निदान दोन-तीन वर्षं चाललेलं असावं. नव्या मॉडेलच्या पहिल्या तुकडीतल्या उणिवा ग्राहकांच्या वापरातूनच बाहेर येतात आणि कंपनी त्या पुढच्या तुकड्यांत दुरुस्त करते. पहिलं वर्ष थांबलात तर तुमचं नुकसान काहीच नाही. दुसरी, तुमच्या नेहमीच्या वाटेवर त्या कंपनीची सर्व्हिस सेंटर असावीत. पेण, माणगाव, महाड, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडी ही गावं नकाशावर एकेक करून तपासा. जाल नाशिक-धुळ्याकडे तर तिकडची तपासा. तिसरी, पार्ट हातोहात मिळावेत. शोरूममध्ये गेलात की विक्रीच्या टेबलावरून उठून मागच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर जा आणि क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट किट, डिस्क पॅड, ब्रेक लिव्हर, इंडिकेटर आणि हेडलाइट यांचा भाव विचारा. प्रत्येकाबद्दल आणखी एक विचारा: आत्ता शिल्लक आहे की ऑर्डर करावा लागेल? त्या दहा मिनिटांत गाडीबद्दल जे कळतं ते माहितीपत्रकात कधीच सापडणार नाही.

लांबच्या प्रवासाला किती सीसी पुरतात?

आधी आपल्या वाट्याला कुठले रस्ते येतात ते बघा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे. समृद्धी महामार्गावर बंदी आहे. अटल सेतू, वांद्रे-वरळी सी लिंक आणि कोस्टल रोडवरही बंदीच आहे. म्हणजे पुण्याला जायचं तर जुना हायवे, खोपोलीहून शिंगरोबाच्या देवळावरून खंडाळा. गोव्याला जायचं तर राष्ट्रीय महामार्ग ६६. नाशिकला कसारा घाट, जुन्नरकडे माळशेज, महाबळेश्वरला आंबेनळी. यांतल्या बहुतेक वाटांवर ताशी ७०-८० हीच शहाणपणाची चाल आहे आणि तेवढी चाल २०० ते ३५० सीसीची गाडी दिवसभर आरामात राखते.

मोठ्या इंजिनाचा खरा फायदा दोन ठिकाणी जाणवतो. एक, डबल सीट आणि सामानासह चढ चढताना ट्रकला झटकन मागे टाकता येतं. दोन, अहमदाबादकडे किंवा कोल्हापूरच्या पुढे बेळगाव-हुबळीकडे जाणाऱ्या रुंद, सरळ रस्त्यावर इंजिन न ताणता शंभरच्या आसपासची चाल धरता येते. तुमचा निम्म्याहून जास्त प्रवास अशा रस्त्यांवर होणार असेल तर ४०० सीसी आणि वरच्या गाड्या जरूर बघा. घाट आणि कोकणच करायचं असेल तर तो पैसा पेट्रोलला ठेवा.

शहरातला वापरही विसरू नका. गाडी लांबच्या प्रवासासाठी घेतली तरी तिचे जास्त दिवस घोडबंदर रोड, सायन-पनवेल आणि जेव्हीएलआरच्या गर्दीतच जातात. मोठं लिक्विड-कूल्ड (द्रवाने थंड होणारं) इंजिन गर्दीत तापलं की पंखा सुरू होतो आणि मे महिन्यात ती गरम हवा थेट पायावर येते. टेस्ट राइड सकाळी नऊच्या रिकाम्या रस्त्यावर घेऊ नका, संध्याकाळी सातच्या गर्दीत घ्या.

३५० सीसीच्या आत आणि बाहेर एवढा फरक का सांगतात?

फरक करात आणि विम्यात आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवर जीएसटी १८ टक्के आहे आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के. त्याआधी सगळ्यांवर २८ टक्के होता आणि ३५०च्या वर ३ टक्के उपकर.

थर्ड पार्टी विम्यातही हीच रेघ आहे. जून २०२२ पासूनच्या दरांप्रमाणे १५० ते ३५० सीसीला वर्षाला १,३६६ रुपये आणि ३५०च्या वर २,८०४ रुपये. नवी गाडी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदम काढावा लागतो. तिथे हेच आकडे ७,३६५ आणि १५,११७ होतात, त्यावर कर वेगळा. महाराष्ट्राचा एकरकमी रोड टॅक्स १०० ते २९९ सीसीला ११ टक्के आणि ३०० सीसीपासून १२ टक्के आहे.

म्हणून ३४९ सीसीची गाडी आणि ३७३ सीसीची गाडी एक्स-शोरूम किमतीत जवळपास दिसली तरी थांबा. दोन्हींचं ऑन-रोड कोटेशन लेखी घ्या आणि विम्याची ओळ वेगळी वाचा.

मग नेमक्या कुठल्या गाड्या बघाव्यात?

रॉयल एनफील्डचं ३४९ सीसीचं इंजिन क्लासिक, मीटिओर, हंटर अशा अनेक गाड्यांत आहे. त्यामुळे त्याचे पार्ट आणि ते उघडता येणारा मेस्त्री दोन्ही कोकणात आणि घाटावर सहज मिळतात. ताकद फार नाही, साधारण २० अश्वशक्ती, पण खालच्या आरपीएमला ओढ चांगली आहे. मीटिओरची टाकी १५ लिटरची आहे आणि तिच्यावर बसणं लांबच्या प्रवासाला सुखाचं आहे. पहिली टूरिंग गाडी म्हणून कुणी विचारलं तर मी बहुतेक वेळा इथूनच सुरुवात करायला सांगतो.

होंडाची हायनेस सीबी ३५० हीही याच वर्गातली. गाडी गुळगुळीत चालते, वजन क्लासिकपेक्षा कमी आहे आणि टाकी १५ लिटरची आहे. मात्र ती बिगविंग शोरूममध्ये विकली जाते. गावोगावच्या होंडा दुकानात स्कूटरचे पार्ट असतात म्हणून हिचेही असतील असं समजू नका, आधी फोन करून विचारा.

सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स मला मुंबईकरांसाठी फार योग्य वाटते आणि तिच्याकडे लोक विनाकारण कमी बघतात. २४९ सीसी, ऑइल-कूल्ड, १६७ किलो, पुढे १९ इंचांचं चाक आणि दोन्ही टायर ट्यूबलेस. गर्दीत हलकी आहे, हायवेवर पुरेशी आहे आणि सगळे कर खालच्या गटातले. टाकी मात्र १२ लिटरचीच.

हीरोची एक्सपल्स कच्च्या रस्त्यांसाठी घ्या. हलकी आहे, खर्च कमी आणि हीरोचं जाळं तालुक्या-तालुक्यांत आहे. सरळ हायवेवर दिवसभर पळवायला मात्र ती कंटाळवाणी आहे.

बजाज डॉमिनार ४०० ही ३७३ सीसीची गाडी २०१६ पासून बाजारात आहे आणि २०१९ पासून ती ४० अश्वशक्तीची आहे. हायवेवर तिच्याइतकी ताकद तेवढ्या पैशांत मिळणं कठीण. वजन १९३ किलो, टाकी १३ लिटर. ती ३५०च्या वरच्या करात येते, हे गणित आधी करा. हिमालयन ४५० मध्ये ४५२ सीसीचं लिक्विड-कूल्ड इंजिन आणि १७ लिटरची टाकी आहे. लडाख-स्पितीची ओढ खरोखर असेल तर ती घ्या. वर्षभर लोणावळ्यालाच जाणार असाल तर १९६ किलो वजन रोज पार्किंगमध्ये मागे-पुढे ढकलायची तयारी ठेवा. केटीएम आणि ट्रायम्फच्या चारशे सीसीच्या आसपासच्या गाड्या चालवायला फार आनंदाच्या आहेत. ट्रायम्फच्या ४०० सीसी गाड्यांना सर्व्हिसिंगमध्ये १६,००० किलोमीटरचं अंतर मिळतं, हेही चांगलंच. पण दोन्हींची सर्व्हिस सेंटर मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत, तेव्हा पहिल्या उत्तरातला पोलादपूरचा प्रश्न इथे पुन्हा स्वतःला विचारा.

माझी उंची पाच फूट तीन इंच आहे. ॲडव्हेंचर गाडी जमेल का?

चालवता येईल. त्रास होतो थांबल्यावर. मीटिओरची सीट जमिनीपासून ७६५ मिलिमीटर उंच आहे, तर हिमालयन ४५० आणि एक्सपल्सची ८२५च्या आसपास, व्ही-स्ट्रॉम एसएक्सची ८३५. खड्ड्याच्या कडेला पाय टेकायची वेळ आली, मागे पन्नास किलो वजन आणि बॅगा असल्या की ते साठ-सत्तर मिलिमीटर फार मोठे वाटतात. शोरूममध्ये सपाट फरशीवर न बसता बाहेर उताराच्या रस्त्यावर बसून बघा, तुमचे नेहमीचे बूट घालून. एका पायाचा चवडा भक्कम टेकत असेल आणि गाडी तुम्हाला एकट्याने स्टँडवरून उचलून मागे घेता येत असेल, तर उंचीची काळजी सोडा. स्त्रियांनाही मी हेच सांगतो. "बायकांना झेपणार नाही" असं सांगणाऱ्या विक्रेत्याकडून गाडी घेऊ नका.

मागे बसणाऱ्या व्यक्तीसाठी काय बघायचं?

तिला बरोबर घेऊन जा आणि निदान वीस मिनिटं मागे बसवून फिरवा. मागची सीट रुंद आहे का, हाताला पकडायला ग्रॅब रेल आहे का, पाय सायलेन्सरला तर लागत नाही ना? मागच्या शॉकअबचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) दोघांच्या वजनाप्रमाणे वाढवता येतो का तेही विचारा. तो न वाढवता दोघं आणि सामान घेऊन घाट उतरलात तर गाडीचं मागचं अंग बसतं आणि पुढचं चाक हलकं होतं. हेल्मेट दोघांनाही सक्तीचं आहे आणि दोन्ही आयएसआय मार्कचीच हवीत.

महिन्याचा हप्ता परवडतो. मग गाडी परवडली असं समजू का?

नाही. सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतो, म्हणून पूर्ण गणित मांडतो.

समजा ३५० सीसीच्या आतली गाडी ऑन-रोड २,२५,००० रुपयांना पडली. पाच वर्षं ठेवली, वर्षाला ८,००० किलोमीटर, म्हणजे एकूण ४०,००० किलोमीटर. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि ॲव्हरेज ३५ धरू. पेट्रोलचे झाले १,२०,०००. सर्व्हिसिंग वर्षाला ५,००० प्रमाणे २५,०००. तीन टायर १२,०००. चेन-स्प्रॉकेट किट एकदा, ४,०००. पहिल्या वर्षानंतर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा चार वेळा, ३,००० प्रमाणे १२,०००. ब्रेक पॅड, बॅटरी, केबली असं किरकोळ ८,०००. पाच वर्षांनी गाडी १,२०,०००ला विकली, म्हणजे किमतीतली घट १,०५,०००. बेरीज २,८६,००० रुपये. किलोमीटरला सव्वासात रुपयांच्या आत.

आता तीच गाडी वर्षाला फक्त ३,००० किलोमीटर चालवली तर? पेट्रोल ४५,०००वर येतं, सर्व्हिसिंग २०,०००, एखादा टायर ४,०००, विमा तेवढाच १२,०००, बॅटरी ३,०००. गाडी कमी चाललेली म्हणून दहा हजार जास्त आले, तरी घट ९५,०००. बेरीज १,७९,०००, पण किलोमीटरला जवळपास बारा रुपये. उभ्या गाडीचा खर्च थांबत नाही, हे या दोन बेरजा शेजारी ठेवल्या की दिसतं.

यात कर्ज धरलेलं नाही. २,००,००० रुपये ११ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ६,५५० येतो आणि व्याजाचे सुमारे ३५,७०० रुपये वर जातात. हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्ह्ज, बूट, रेनसूट आणि सामानाच्या बॅगाही यात नाहीत. त्यांच्यासाठी गाडी घेतानाच वेगळे ३०,००० काढून ठेवा. गाडीवर सगळे पैसे संपवून हजार रुपयांच्या हेल्मेटवर हायवेला निघालेला माणूस दिसला की मला मनापासून काळजी वाटते.

इमारतीत पार्किंग नसेल तर त्याचे दर महिन्याचे पैसेही धरा. आणि वर्षातून दोनच मोठ्या सहली होणार असतील, तर भाड्याच्या गाडीचा पर्याय प्रामाणिकपणे तपासा. तिथे पोहोचून भाड्याने घेतलेली गाडी अनेकदा स्वस्त पडते.

टोल किती लागतो?

राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकींना टोल नाही. फास्टॅगही लागत नाही.

विमा कुठला घ्यावा? एजंट खूप काही जोडतो.

थर्ड पार्टी कायद्याने हवाच. टूरिंगच्या गाडीला स्वतःच्या नुकसानीचं संरक्षणही हवं. जोडायच्या गोष्टींत पहिली झीरो डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा न कापता भरपाई. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात आणि आजच्या गाड्यांना प्लास्टिक भरपूर असतं. दुसरं, रस्त्यावरची मदत, पण ती शहराबाहेर किती किलोमीटरपर्यंत चालते ते पॉलिसीत वाचा. तिसरं, मुंबईकरांनी इंजिन प्रोटेक्शन घ्यावं. पाणी शिरून इंजिन बिघडलं तर साधी पॉलिसी बहुधा हात वर करते.

क्लेम केला नाही तर नो क्लेम बोनस पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि पुढे वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो, स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर. म्हणून दीड हजाराच्या लिव्हर-इंडिकेटरसाठी क्लेम करू नका. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आधीच दुसऱ्या गाडीवर असेल तर तो दुसऱ्यांदा घ्यायची गरज नसते.

साचलेल्या पाण्यातून गाडी काढू का?

हिंदमाता असो की अंधेरी सबवे, पाणी एअर फिल्टरच्या उंचीच्या जवळ जाताना दिसलं की थांबा. बंद पडलीच तर सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलत कोरड्या जागी न्या, मेस्त्रीला बोलवा, प्लग काढून पाणी बाहेर काढू द्या, ऑइल बघू द्या. दुधाळ दिसलं तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही.

आमच्याकडे वर्षभरात गाडी गंजते. काय करावं?

समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, दोन्ही मिळून आरे, चेन, नटबोल्ट आणि सायलेन्सर खातात. वर्सोवा, वरळी, कुलाबा, उत्तन भागांत हे लवकर दिसतं. कोकणातल्या पुळणीवर गाडी नेऊन फोटो काढायचा मोह तर टाळाच. नेलीच तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा.

चेनला दर ५०० किलोमीटरला, पावसात प्रत्येक मोठ्या प्रवासानंतर साफ करून ल्यूब लावा. ताण किती ठेवायचा ते गाडीच्या पुस्तिकेत असतं, जास्त घट्ट चेन बेअरिंग खराब करते. गाडी ओली असताना वर कव्हर घालू नका, आतला दमटपणा तिथेच राहतो. बॅटरीचे टर्मिनल, साइड स्टँडचा पिव्होट आणि लिव्हरच्या खिळींना पावसाळ्याआधी ग्रीस लावून घ्या. हे काम तासाभराचं आहे आणि गाडी विकताना त्याची किंमत मिळते.

ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने जुनी गाडी खराब होईल का?

एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्या ई२० धरून बनवलेल्या आहेत. त्याआधीच्या गाडीबद्दल कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मॉडेल सांगून विचारा. रबरी होज आणि सील हाच तिथला कच्चा दुवा आहे, सर्व्हिसिंगला ते तपासून घ्या. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा उष्णता कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं घटतं. ते पाणीही शोषतं. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. टाकीत हवा कमी राहिली की दमट हवेतून येणारं पाणीही कमी होतं.

सर्व्हिसिंग कंपनीत की ओळखीच्या मेस्त्रीकडे?

वॉरंटी असेपर्यंत कंपनीत, वेळेवर, आणि प्रत्येक बिल जपून. नंतर चांगला मेस्त्री सापडला तर त्याच्याकडे जरूर जा. पण त्याच्याकडे तुमच्या गाडीचं स्कॅनर आहे का ते विचारा. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस६ नियम आले, तेव्हापासूनच्या बहुतेक गाड्यांत फ्यूएल इंजेक्शन आणि सेन्सर आहेत. ते कानाने ऐकून पुरतं दुरुस्त होत नाही. मोठ्या प्रवासाआधीची सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नका. आठवडाभर आधी करा आणि मधल्या दिवसांत गाडी रोज चालवा. कुठला बोल्ट सैल राहिला असेल, कुठे ऑइल झिरपत असेल तर ते ठाण्यात कळलेलं बरं.

ट्यूबलेस टायर किती महत्त्वाचा?

टूरिंगला खूप. खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते, स्ट्रिप किटने रस्त्याच्या कडेला दहा मिनिटांत काम होतं. आऱ्यांच्या चाकात बहुतेक वेळा ट्यूब असते आणि पंक्चर काढायला चाक उतरवावं लागतं. आंबोलीत धुक्यात ते करणं सोपं नाही. काही गाड्यांना आऱ्यांची ट्यूबलेस चाकं मिळतात, जास्त पैसे देऊन. द्यावेत. हवेचा छोटा पंप आणि पंक्चर किट सीटखाली कायम ठेवा.

सेकंड हँड टूरिंग गाडी घेण्यात शहाणपण आहे का?

आहे, कारण किमतीतली सर्वांत मोठी घट पहिल्या मालकाने सोसलेली असते. विम्यातली ठरलेली किंमतच बघा: पहिल्या वर्षाअखेर १५ टक्के घट, दोन वर्षांनी २०, तीन वर्षांनी ३०. बाजारभाव याहून वेगळा असतो, पण दिशा हीच.

गाडी थंड असताना बघायला जा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर पुन्हा सकाळी येतो म्हणा. सुरू होताना सेल्फ किती वेळ मारावा लागतो, धूर निळा आहे का, हँडल पूर्ण डावी-उजवीकडे वळवताना मध्ये अडकल्यासारखं होतं का ते बघा. फोर्कच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ, फ्रेमच्या मानेजवळ नवा रंग, फूटरेस्टची घासलेली टोकं, ही पडलेल्या गाडीची लक्षणं. डिस्क काठावर बोटाला धारदार लागत असेल तर तिचा खर्च भावातून वजा करा.

कागद त्याहून महत्त्वाचे. एमपरिवहन ॲपवर नंबर टाका, मालकाचं नाव, विम्याची तारीख आणि बोजा (गाडीवरचं कर्ज) तपासा. वाहतूक पोलिसांचे थकलेले ई-चलान बघा. बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हवा. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली आहे ना, तेही बघा. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या, नाहीतर क्लेम अडकतो. गाडी दुसऱ्या राज्यात पासिंग झालेली असेल तर इथला रोड टॅक्स पुन्हा भरावा लागेल. दिल्लीची स्वस्त गाडी इथे आल्यावर बऱ्याचदा स्वस्त राहत नाही.

कुठल्या ॲक्सेसरीज आधी घ्याव्यात?

लेग गार्ड, सॅडल स्टे (बाजूच्या बॅगांना आधार देणारी चौकट), मोबाइलचा भक्कम होल्डर आणि चार्जर. बाकी पहिल्या दोन-तीन सहलींनंतर ठरवा, तोवर गरज काय आहे ते कळतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर वस्तू स्वस्त मिळतात, पण वायरिंग कापून जोडलेले जादा दिवे गाडीच्या वॉरंटीला आणि पावसाळ्यात फ्यूजला नडतात. रिले आणि कपलरने जोडणाऱ्याकडूनच बसवा. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावू नका. दंड होतोच, शिवाय पहाटे साडेपाचला वस्तीतून जाताना झोपलेल्या माणसांचा विचार आपण करायलाच हवा.

कोकण किनाऱ्याने जायचं तर गाडी बोटीत चढते का?

चढते, आणि हा मुंबईच्या दुचाकीस्वाराला मिळालेला फार सुंदर रस्ता आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट आहे, साधारण तासाभरात पलीकडे. वडखळची गर्दी टळते. पुढे आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या खाड्यांवर जंगलजेटी, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटी आहेत. हा रस्ता अरुंद, वळणांचा आणि चढ-उतारांचा आहे, तिथे हलकी गाडी जड गाडीपेक्षा जास्त सुख देते. बोटीत गाडी साइड स्टँडवर गिअरमध्ये ठेवा आणि शेजारी उभे राहा. निघण्याआधी बोटींच्या वेळा फोनवर विचारा, भरती-ओहोटी आणि हवामानाप्रमाणे त्या बदलतात.

लडाखसाठी गाडी रेल्वेने पाठवता येते का?

येते. मुंबईच्या मोठ्या टर्मिनसच्या पार्सल ऑफिसातून बुकिंग होतं. त्याच रेल्वेगाडीने तुम्हीही प्रवास करत असाल तर लगेज म्हणून, नाहीतर पार्सल म्हणून. आरसीची प्रत आणि ओळखपत्र लागतं. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, म्हणून घरून जेमतेम स्टेशनपर्यंत पुरेल एवढ्याच पेट्रोलवर जा. पॅकिंग करणारे तिथेच असतात. टाकी, हेडलाइट आणि हँडलची टोकं समोर उभं राहून जाड गुंडाळून घ्या, आरसे काढून बॅगेत ठेवा. आदल्या दिवशीच स्टेशनवर पोहोचा. उतरल्यावर पंप गाठायला लिटरभर पेट्रोल लागेल, त्यासाठी आसपासच्या दुकानदारांकडे चौकशी करा. आणि पहिले पन्नास किलोमीटर सावकाश चालवून ब्रेक, हँडल, चेन बघून घ्या. रेल्वेत गाडी आडवी झालेली असू शकते.